ताप, डोकेदुखी आणि ताठलेली मान: मेंदूज्वर ओळखा, वेळ घालवू नका

मे महिन्यात तापलेलं माणूस दिसलं की आपल्याकडे आधी ‘ऊन लागलं’ म्हणून कांद्याचा रस चोळतात. तिथंच मोलाचे तास जातात.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सूज येते, तो हा आजार. जिवाणूंमुळे झाला तर रोगी 24 तासांतही दगावू शकतो.

रोग्याला हनुवटी छातीला टेकवायला सांगा. मान ताठ असेल, सोबत ताप, उलट्या, उजेड सहन न होणं, बरळणं, गुंगी किंवा झटके असतील तर थांबू नका. पण मान वाकली म्हणजे धोका टळला असं नाही. तान्ह्या बाळात ती बहुधा मऊच असते. तिथं फुगलेली टाळू, दूध न ओढणं, चिरका रडणं पाहा. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा पेला दाबा. डाग फिके पडत नसतील तर रक्तात विष पसरतंय. सावळ्या कातडीवर ते तळहात-तळपायांवर शोधा.

लगेच 108 लावा. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात लक्षणं सुरू झाल्याची वेळ आणि दिलेली औषधं सांगा. पाठीतलं पाणी तपासल्यानं लकवा होतो ही भीती खोटी आहे. त्यावरूनच जंतू कळतो. मात्र तपासणीला उशीर लागणार असेल तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन आधीच सुरू करतात.

बरं झाल्यावर ऐकू येण्याची तपासणी करून घ्याच. बाळाच्या 6, 10, 14 आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसी चुकवू नका, त्यात मेंदूज्वराच्या एका जंतूवरचीही लस असते.