पेस्ट कंट्रोलवाल्याला कधी बोलवायचं आणि बोलवल्यावर काय विचारायचं

आमच्याकडे एक झुरळ दिसलं की घरभर "आत्ताच्या आत्ता पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लाव" सुरू होतं, आणि वाळवी दिसली की "दिवाळीनंतर बघू". खरं तर हे बरोब्बर उलटं पाहिजे.

झुरळांचं बऱ्याचदा आपलं आपण जमतं. जेलची ट्यूब आणायची, रात्री ओटा पुसून कोरडा करायचा आणि ट्रॉलीच्या बिजागऱ्यांपाशी, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरजवळ मसुराएवढे ठिपके लावायचे. त्यावर वरून स्प्रे मारू नका, मग झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत. तीन-चार आठवड्यांनीही ती बारकी तपकिरी झुरळं भर दिवसा ओट्यावर फिरत असतील तर मात्र माणूस बोलवा, त्यांच्या एका अंडीकोषात 30-40 अंडी असतात, आपण किती पुरे पडणार. आणि डक्टमधून येत असतील तर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे लागा, एकट्या फ्लॅटचं करून काही होत नाही.

ढेकूण म्हटलं की वाट बघायचीच नाही. गादीच्या शिवणीत काळे ठिपके, चादरीवर रक्ताचे बारीक डाग दिसले की फोन. आमचे आजोबा खाटेत रॉकेल ओतायचे, ते प्रयोग फ्लॅटमध्ये करू नका, आग लागेल. खोली बंद ठेवूनही उपयोग नाही कारण ढेकूण महिनोन् महिने उपाशी राहतो. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, म्हणून 10-15 दिवसांनी दुसरा फवारा लागतोच, एकाच फवाऱ्यात गॅरंटी देणारा असेल तर सरळ दुसरा बघा. तो यायच्या आधी चादरी-कपडे कडक गरम पाण्यात धुवा, बेडचे स्क्रू काढून ठेवा.

आता वाळवी. आधी वाळवीच आहे ना हे बघा. भिंतीवर मातीच्या रेघा, चौकट ठोकल्यावर पोकळ आवाज, म्हणजे वाळवी. लाकडाला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा, म्हणजे भुंगा, त्याचं काम वेगळं, त्या भोकांत सिरिंजने औषध भरतात. मी हे न बघता पहिला जो मिळाला त्याला बोलावलं होतं, त्याने कपाटावर फवारा मारला, पैसे घेतले, गेला, आणि आठ महिन्यांनी त्याच भिंतीवर दुसऱ्या कोपऱ्यात रेघ! वारूळ बहुतेक वेळा जमिनीत असतं हो, कपाट धुऊन काय होणार. तळमजल्यावर नीट काम म्हणजे भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फुटा-फुटावर 12 मिमीची छिद्रं, त्यात औषध, वरून सिमेंट. ड्रिल लावायच्या आधी पाण्याची लाइन आणि वायरिंग कुठून गेलंय ते त्याला दाखवा, नाहीतर वाळवी जाईल आणि प्लंबर येईल.

फोनवर भाव करण्याआधी बघून जा म्हणायचं, न बघता रेट सांगणाऱ्याला मी तरी बोलवत नाही. मग लायसन्स विचारा, कीटकनाशक कायदा 1968 चा आहे आणि परवाना राज्याच्या कृषी खात्याकडून मिळतो, त्याचा फोटो मागायला लाजू नका. औषधाचं नाव विचारा आणि डबा बघा, बिनलेबलच्या बिसलेरीच्या बाटलीतून आणलं असेल तर परत पाठवा. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि कोणी धान्यातल्या त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवतो म्हणाला तर त्याला दारातच थांबवा, त्यातून निघणाऱ्या गॅसने झोपेतच माणसं गेलेली आहेत.

फवारणीच्या दिवशी लहान मुलं, गरोदर बाई, मांजर यांना दुसरीकडे पाठवा. फिश टँक झाकून त्याचा एअर पंप बंद करा, माशांना ही औषधं फार लवकर बाधतात. परत आल्यावर खिडक्या उघडा, ओटा धुवा, पण भिंतीच्या कडेने लगेच फिनाइलचं पोछा मारू नका, औषध पुसून जातं, हे कामवाल्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बिलावर औषधाचं नाव आणि दुसऱ्या व्हिजिटची तारीख लिहून घ्या, तोंडी "येतो ना मॅडम" वर सोडू नका.