इंजिनच्या भागांसाठी हीटप्रूफ रंग निवडताना

आधी भाग बघा, मग डबा. टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचे झाकण) किंवा ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) साधारण १००-१२० अंशांपर्यंत तापतो. तिथे २५० अंश सेल्सिअसचा इंजिन इनॅमल पुरतो आणि तो ऑइलही सोसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला गरम वायू इंजिनबाहेर नेणाऱ्या नळ्या) मात्र ५००-६०० अंशांच्याही वर जातो. त्याला ६५० अंशांपुढचा सिलिकॉन-सिरॅमिक रंगच हवा. डब्यावरचा आकडा सततच्या तापमानाचा आहे की थोड्या वेळापुरता, हे नक्की वाचा. फसगत इथेच होते.

रंग सोलतो तो बहुतेक वेळा खालच्या ऑइलमुळे. डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावाने) धुवा, वायर ब्रशने गंज काढा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटी ॲसिटोनने पुसा आणि मग बोट लावू नका. गॅस्केटच्या (दोन भागांमधल्या सीलच्या) जागा व आटे टेपने झाका. मॅनिफोल्डवर साधा प्रायमर मारू नका, तो जळून वरचा रंगही घेऊन जातो.

दहा मिनिटांच्या अंतराने तीन पातळ हात द्या. जाड थरात थिनर अडकतो, तापल्यावर फोड येतात.

सिलिकॉन रंग नुसता वाळून पक्का होत नाही, भाजावा लागतो. डब्यावरच्या वेळापत्रकाप्रमाणे तापमान टप्प्याटप्प्याने चढवा, मध्ये थंड होऊ द्या. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी कधीही वापरू नका.