गारगोटी आपोआप फुटली की माणसाने फोडली?

सोलापूरजवळ सीना-भीमेच्या काठच्या खडीत कॅल्सेडनी, जास्पर, अकीक अशा गारगोट्या सापडतात. बेसाल्ट या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या या गारा खडक झिजला की सुटून नदीत येतात. त्या काचेसारख्या फुटतात, म्हणून अश्मयुगीन माणसाने त्यांची हत्यारे केली. पण पुरात आपटूनही त्या तशाच फुटतात. तेव्हा आकारावर जाऊ नका; बाणाच्या टोकासारखा दिसणारा दगड बहुधा नुसता दगडच असतो.

तुकडा मऊ ब्रशने झाडा. धुतलात तर पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या दगडाच्या चकाकीत खुणा बुजतात. तिरप्या उन्हात दहापट भिंगाखाली आतली, म्हणजे मूळ दगडापासून सुटलेली बाजू पाहा. वरच्या टोकाला घाव बसलेली छोटी सपाट जागा, तिच्या लगेच खाली फुगवटा आणि तिथून पसरत गेलेल्या लहरी दिसल्या, तर घाव बसला हे नक्की. तो कोणी घातला, हे अजून ठरायचे आहे.

आता पाठ, म्हणजे उलटी बाजू पाहा. खरा निकाल इथेच लागतो. आधी काढलेल्या छिलक्यांचे (पातळ कपच्यांचे) व्रण, म्हणजे त्या निघाल्याच्या खुणा, एकाच दिशेने, एकमेकांना समांतर असतील, कडा सरळ असतील आणि लांबी रुंदीच्या दुप्पट किंवा जास्त असेल, तर ते पाते, म्हणजे माणसाने मुद्दाम काढलेला लांबट धारदार तुकडा, असण्याची शक्यता बरीच वाढते. पुरातले घाव वाटेल त्या बाजूने बसतात. असा क्रम त्यांना सहसा साधत नाही. कडेवरचे बारीक टवके सलग, सारखे, एकाच बाजूने असतील तर तेही मुद्दाम काढलेले असू शकतात. विस्कळीत, लहानमोठे टवके गुरांच्या खुरांनी किंवा नांगरानेही पडतात. व्रणाचा रंग बाकी दगडापेक्षा ताजा असेल तर ट्रॅक्टरच्या फाळाचा संशय घ्या. सर्वांत फसवी क्रशरची खडी: तिच्यावरही फुगवटा येतो, म्हणून रस्ता आणि रुळांलगतचे तुकडे सोडून द्या.

एकाच तुकड्यावरून काही ठरवू नका. एक मीटर चौरस आखून त्यातले सगळे फुटके दगड मोजा. पाती, ज्यावरून पाती काढली तो गाभा आणि बारीक कपच्या एकत्र असतील, तर तिथे बसून कोणीतरी काम केले असावे. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जीपीएस नोंदवा आणि दगड जागेवरच ठेवून राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून हललेला तुकडा अर्धा पुरावा गमावतो.