बिलिंग सॉफ्टवेअरचे एरर आणि इन्स्टॉलेशनच्या अटी : दिवाणजींना कळतील अशा कशा लिहाव्यात

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरीचा कारखाना असो की नवी पेठेतलं दुकान, बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतात ते दिवाणजी. घरी तेलुगू किंवा कन्नड, बिल इंग्रजीत, आणि दारात टेम्पो भरून उभा. अशा वेळी 'अनएक्स्पेक्टेड एरर' आला की ते ओके दाबतात आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तुम्हाला फोन लावतात. फोनवर ऐकू येतं एवढंच : "इंग्रजीत काहीतरी आलं होतं, गेलं."

एररच्या संदेशात चार गोष्टी हव्यात : काय अडलं, कशात अडलं, भरलेलं काम शाबूत आहे का, आणि आता काय करायचं. यातली तिसरी हमखास राहून जाते आणि सगळ्यात महागात तीच पडते. 'प्रिंट फेल्ड' एवढंच दिसलं की दिवाणजी तेच बिल पुन्हा बनवतात. स्टॉक दोनदा वजा होतो आणि एकाच विक्रीची दोन बिलं जीएसटी रिटर्नमध्ये जातात. त्याऐवजी असं लिहा : "बिल क्र. ४१२ सेव्ह झालं आहे, प्रिंट निघाली नाही. प्रिंटर चालू आहे का, कागद अडकलाय का पाहा आणि 'पुन्हा प्रिंट' दाबा. नवीन बिल बनवू नका." बटणावरही ओके न लिहिता 'पुन्हा प्रिंट' असंच लिहा.

'जीएसटी क्रमांक चुकीचा' हा संदेशही अर्धाच. क्रमांक १५ अक्षरी असतो. १४ भरली असतील तर "१५ हवीत, १४ भरली आहेत" असं सांगा आणि चौकटीत टाइप केलेलं पुसू नका.

प्रोग्रामला जेवढं माहीत आहे तेवढंच बोला. सोलापूरचा माल विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादला जातो. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू झाला म्हणजे नोंदणी कर्नाटकची. महाराष्ट्राचा आकडा २७. अशा ग्राहकाच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातल्या विक्रीचा कर; परराज्यात विक्री असेल तर आयजीएसटी) लावलेला दिसला तर 'कर चुकला' असा निकाल देऊ नका. माल नेमका कुठे जाणार हे प्रोग्रामला माहीत नसतं. "ग्राहकाची नोंदणी कर्नाटकातली आहे. माल तिकडे जाणार असेल तर आयजीएसटी निवडा" हे पुरे.

प्रत्येक संदेशाला कोड द्या, पण फक्त आकड्यांचा, तीन-चार अंकी. पी, बी, टी, डी फोनवर सारखेच ऐकू येतात. मराठी, तेलुगू, कन्नड, इंग्रजी, भाषा कुठलीही निवडली तरी कोड तोच राहू द्या. प्रोग्रामरला लागणारा लांबलचक मजकूर 'तपशील कॉपी करा' या बटणामागे ठेवा म्हणजे तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो. त्यात पासवर्ड किंवा ग्राहकांची यादी जाणार नाही, हे मात्र तपासा.

आता इन्स्टॉलेशन. 'लेटेस्ट विंडोज, पुरेशी रॅम' ही अट नव्हे. 'विंडोज १० किंवा ११, ६४-बिट, रॅम किमान ८ जीबी' अशी लिहा आणि ते कुठे बघायचं तेही त्याखालीच द्या : विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून विनव्हर (winver) टाइप करून एंटर दाबलं की आवृत्ती कळते, ३२ की ६४ बिट हे सेटिंग्ज, सिस्टम, अबाउटमध्ये 'सिस्टम टाइप'समोर असतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यावर तुमचा प्रोग्राम कधीपर्यंत चालवणार तेही सांगून टाका. 'किमान' लिहिलेल्या मशीनवर तो खरोखर चालवून बघितलेला असावा, हे वेगळं सांगायला नको. डाउनलोड किती, इन्स्टॉल झाल्यावर जागा किती आणि वर्षभरात डेटा किती वाढतो, हे तीन आकडे वेगवेगळे द्या.

ॲडमिन पासवर्ड बहुतेक वेळा संगणक बसवून देणाऱ्याकडे असतो. तो लागणार हे डाउनलोडच्या आधीच लिहा. 'इंटरनेट लागत नाही' म्हणताना पूरक भागही मोजा : प्रोग्रामला डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ (काही प्रोग्राम चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) लागत असेल तर विंडोज १० मध्ये ते मुळात बंद असतं आणि चालू करताना सहसा विंडोज अपडेटवरून उतरवावं लागतं. कारखान्यात नेट नसलं की गाडी तिथेच अडते.

सेटअपने तपासणी अगदी सुरुवातीला करावी आणि काय-काय कमी आहे ते एकदम सांगावं. आधी जागा कमी, ती केली की रॅम कमी, मग परवानगी नाही, असे हप्ते पाडले की माणूस वैतागतो.

लाईट जाणारच, हे धरून चाला. परत सुरू केल्यावर "मागच्या वेळी सेटअप अर्धवट राहिला. जुना डेटा जसाच्या तसा आहे. 'पुढे चालू करा' दाबा" असं दिसायला हवं. हे वाक्य लिहिण्याआधी चाचणीच्या मशीनवर सेटअप अर्ध्यात असताना प्लग काढा, डेटा उघडून बघा, मगच लिहा.