घरच्या वर्कशॉपमध्ये वेस्ट ऑइल हीटर कसा बसवावा

वेस्ट ऑइल हीटर म्हणजे गाडीतून काढलेलं जुनं ऑइल जाळून खोली तापवणारा हीटर. आधी हिशोब करा. वापरलेल्या एक लिटर काळ्या ऑइलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते, म्हणजे २ किलोवॅटचा विजेचा हीटर पाच तास चालवण्याइतकी. ऐकायला भारी वाटतं. पण लहान वेस्ट ऑइल हीटरसुद्धा ताशी दीड-दोन लिटर ऑइल पितो आणि एका गाडीचं ऑइल बदललं की निघतं चारेक लिटर. एका गाडीत दोन-अडीच तासांची ऊब, बस. वर्षभर ऑइल साठण्याची सोय असेल तरच या भानगडीत पडा.

दुसरी चौकशी नियमांची. अमेरिकेत स्वतःचं किंवा लोकांनी घरी गाडीतून काढलेलं ऑइल हीटरमध्ये जाळता येतं, पण हीटरची क्षमता ताशी ५ लाख बीटीयूच्या (म्हणजे सुमारे १४७ किलोवॅटच्या) आत हवी आणि धूर इमारतीबाहेर सोडलेला हवा. इतरत्र नियम याहून कडक असू शकतात. स्थानिक प्रशासनाला आणि विमा कंपनीला हीटर विकत घेण्याआधी विचारा. वर्कशॉपच्या डोक्यावर झोपायची खोली असेल, तर विचारूही नका, विषय सोडा.

कोणता घ्यावा

दोन जाती आहेत. ठिबक हीटरमध्ये तापलेल्या थाळीत ऑइल थेंबथेंब पडतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. फवारा हीटरमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेने ऑइलचा बारीक फवारा उडवतात. त्याला थर्मोस्टॅट लावता येतो, पण नोझल चोंदतं आणि महागही पडतो. घरच्या कामाला ठिबकवाला पुरतो. फक्त तो कॉकवर चालणारा न घेता मोजून ऑइल सोडणाऱ्या पंपाचा घ्या. कारण थंड ऑइल मधासारखं घट्ट असतं. सकाळी कॉक बरोबर लावलेला असतो, खोली तापते तसं ऑइल पातळ होतं आणि त्याच कॉकमधून दुपारी कितीतरी जास्त ऑइल पडू लागतं. तुम्ही लेथवर वाकलेले असता आणि मागे हीटर लाल होत असतो. शिवाय ज्योत विझली, थाळी तुडुंब भरली किंवा हीटर जास्त तापला, तर पंप आपोआप बंद पडायला हवा. हे तीन बचाव नसलेला हीटर घेऊ नका. जुन्या गॅस सिलिंडरचा घरगुती जुगाड टाळा. सिलिंडर कापताना आत उरलेल्या गॅसचा स्फोट होऊ शकतो आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तापला की त्याच्या विषारी वाफेने अंग तापतं.

जागा

सिमेंटची सपाट जमीन, भोवती मोकळी जागा. भिंतीपासून किती अंतर ठेवायचं ते हीटरच्या पुस्तिकेत असतं, ते पाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि गाडीखालच्या खड्ड्यात साठते. म्हणून पेट्रोलने भाग धुता किंवा रंग फवारता त्या खोलीत हा हीटर नकोच. एक लिटर ऑइल जळायला किमान ११ घनमीटर हवा लागते, तेव्हा बाहेरून हवा यायला कायमचं भोक ठेवा. एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर तो धुराड्यातला धूर उलटा खोलीत ओढतो. हीटर पेटलेला असताना फॅन बंद.

धुराडं

इथे माझी खोड मोडली. छप्पर कापायचा कंटाळा, म्हणून मी पाइप भिंतीतून काढला होता, काटकोनात दोन वळणं देऊन. महिनाभर ठीक चाललं. मग एका वाऱ्याच्या संध्याकाळी हीटरच्या झाकणाखालून काजळी फुसफुसू लागली आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलला. मला स्वतःला वास म्हणून काही आला नव्हता, या वायूला वास नसतोच. दुसऱ्या दिवशी छप्पर कापलं.

तेव्हा धुराडं सरळ उभं काढा, ओळंबा लावून. लहान हीटरला बहुधा १५० मिलिमीटरचा स्टेनलेस पाइप आणि किमान ४ ते ५ मीटर उंची लागते. वळण टळतच नसेल तर ४५ अंशांचं, काटकोन नाही. खोलीतला पाइप एकपदरी चालतो, तोही खोली तापवतो. छतातून पुढे मात्र आत इन्सुलेशन असलेला दुपदरी पाइप घ्या, नाहीतर वर धूर थंड होतो, त्याला वर खेचणारी ओढ मरते आणि काजळी चिकटते. पाइपचं तोंड छताच्या आढ्यापेक्षा वर जायला हवं. पाइपवर ओढ सांभाळणारी झुलती झडप बसवा आणि बुडाशी काजळी काढायला टोपण असलेला टी-जोड ठेवा. जोड पक्के झाले की काडी पेटवून विझवा आणि तिचा धूर टी-जोडाच्या उघड्या तोंडाशी धरा. धूर आत खेचला गेला तर ओढ आहे. घुटमळला किंवा बाहेर वळला, तर हीटर पेटवू नका.

ऑइल

इंजिन, गिअर, हायड्रॉलिक आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल चालतं. कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल मिसळलेलं ऑइल, क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरचं ऑइल अजिबात नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं आणि ते हीटरच्या आचेवर जाळलं तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात.

दोन पिंप ठेवा. एक निवळत ठेवायचं, दुसरं वापरायचं. काही आठवडे न हलवता ठेवलं की पाणी आणि गाळ तळाशी बसतो. ऑइल तळापासून वितभर वरून, गाळणीतून काढा. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १६०० पट वाढतं, त्यामुळे थाळीत पाणी गेलं तर ऑइल उडतं नाहीतर ज्योत विझते. शंका असेल तर तापलेल्या लोखंडी पट्टीवर एक थेंब टाकून बघा. तडतडला तर पाणी आहे, गुपचूप धुरावला तर ऑइल वापरायला हरकत नाही. पिंपं हीटरपासून लांब ठेवा, शक्यतो खोलीबाहेर. हीटरजवळची नळी तांब्याची, प्लास्टिकची नको.

पेटवणं

थाळी थंड, कोरडी आणि जागेवर आहे ना ते पाहा. पुस्तिकेत दिलं असेल तेवढंच रॉकेल किंवा डिझेल तीत ओता, पेटलेली कागदाची वळी टाका. पेट्रोल कधीही नाही. दहाएक मिनिटांत थाळी तापली की पंप सर्वांत कमी वेगावर सुरू करा. नवा हीटर पहिल्यांदा पेटताना त्याचा रंग जळून वास येतो, दारं उघडी टाका. मग बाहेर जाऊन धुराड्याच्या तोंडाकडे पाहा. तिथे फक्त हवा थरथरताना दिसायला हवी. काळा धूर म्हणजे ऑइल जास्त किंवा हवा कमी.

आता सगळ्यात मोठा धोका. ज्योत विझली आणि थाळी अजून गरम आहे, तर तीत ऑइल, रॉकेल, काहीही ओतायचं नाही आणि पेटती काडी तर मुळीच टाकायची नाही. गरम थाळीतलं ऑइल पांढरी वाफ सोडत राहतं, आतली पोकळी वाफेने भरते आणि ठिणगी पडताच भडका तोंडावर येतो. पंप बंद करा, दूर व्हा. थाळीवर उघडा हात टेकवता येईल इतकी ती निवली की उरलेलं ऑइल चिंधीने टिपून काढा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. तास जाईल, जाऊ द्या.

दाराशी ड्राय पावडरचा अग्निशामक टांगा. जळत्या ऑइलवर पाणी ओतलं तर आग पसरते.

सफाई

बंद करताना आधी पंप बंद करा. थाळीतलं ऑइल जळून संपेपर्यंत आणि हीटर निवेपर्यंत त्याचा स्वतःचा, थाळीला हवा देणारा पंखा चालू राहू द्या. रोज सकाळी थाळी खरवडा. तळाला राखेची करडी, ठिसूळ खपली जमलेली असते. कालची खपली तशीच राहिली तर आज ज्योत एका बाजूला झुकते. या राखेत ऑइलमधल्या रसायनांचं जस्त आणि इंजिनाच्या झिजेचे धातू असतात. मास्क लावा, राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि घातक कचऱ्यात द्या, बागेत टाकू नका.