पिकअपला मडफ्लॅप बसवताना

कोकणात जांभ्याचा लाल चिखल आणि खारी हवा दोन्ही, म्हणून मडफ्लॅपसाठी (चाकामागे चिखल अडवणारा पडदा) कडक प्लास्टिकपेक्षा कापडी थर असलेलं ५-६ मि.मी. जाड रबर घ्या. प्लास्टिक चिऱ्याच्या तुकड्याला लागलं की तडकतं. रुंदी टायरपेक्षा थोडी जास्तच हवी.

माप रिकाम्या गाडीवर घेऊ नका. माल भरला की मागचे स्प्रिंगचे पाटे बसतात आणि फ्लॅप रस्त्यावर घासतो. भरलेल्या गाडीत खाली साधारण १५ सें.मी. जागा राहू द्या. फ्लॅप टायरच्या फार जवळ नको; खाणीत रिव्हर्स घेताना चाक त्याला खाली ओढतं, मग रबर भोकापाशीच फाटतं. म्हणून वरच्या कडेला ३ मि.मी. जाड धातूची पट्टी लावून तीन-चार बोल्टांनी दाबा, नुसते स्क्रू टिकत नाहीत.

बोल्ट स्टेनलेसचे ६ मि.मी., मोठे वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे). पत्र्याला भोक पाडल्यावर कड घासून प्रायमर आणि रंग लावा, सुकू द्या, मगच बोल्ट. हे टाळलं तर गंज तिथूनच सुरू होतो. मासळीचं बर्फपाणी गळणाऱ्या गाडीत तर लवकरच. पुढच्या चाकांना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासत नाही ना, ते बघा.