मोठी रेसिंग ट्रायमरान उलटते आणि मोडते ती कशामुळे: या चुका टाळा

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बोट किती कलली यावरून धोका जोखणे. किलबोट (तळाला जड कील असलेली एकाच हलची बोट; हल म्हणजे बोटीचा पाण्यात बसणारा सांगाडा) कलते तशी तिची सावरण्याची ताकद बराच वेळ वाढत राहते. ट्रायमरानचा, म्हणजे तीन हलच्या शिडाच्या बोटीचा, मधला हल पाण्याबाहेर आला की ही ताकद कमाल असते. पुढच्या प्रत्येक अंशाला ती घटते, आणि उलटलेली बोट तशीच स्थिर राहते. म्हणून डोळा डेकच्या कलावर नको, शीट (शीड ओढून धरणारा दोर) आणि स्टे (डोलकाठी ताणून धरणारी तार) यांवरच्या लोड सेलच्या, म्हणजे ताण मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांवर हवा.

रीफ (शीड आखूड करणं) सरासरी वारा बघून घेऊ नका, वाऱ्याचे झोत बघून घ्या. वारा २० नॉटवरून २८ वर गेला की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो.

वाऱ्याच्या तोंडावर चालताना झोत आला तर वाऱ्याकडे वळा, वारा पाठीवर असेल तर आणखी खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, उतरा. आडव्या वाऱ्यात मात्र दोन्ही फसतात. वाऱ्याकडे वेगात वळलात तर वळणाचा जोरच बोटीला आणखी कलवतो. खाली वळताना शिडाची ओढ आधी वाढते, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यात घुसते. इथे सुकाणूआधी शीट सोडायची. शीट हायड्रॉलिक असेल तर तिचा रिलीज व्हॉल्व्ह बंदरातच, पूर्ण लोडवर तपासा. नाळ खुपसली तर वेग पडतो, पण डोलकाठी पुढे झेपावते. त्यामुळे वाऱ्याकडचा रनर (डोलकाठीला मागून धरणारा दोर) आधीच आवळलेला हवा.

डिझाइनमध्ये वजन वाचवायला फ्लोटच्या, म्हणजे बाजूच्या हलच्या, पुढच्या भागात काटकसर होते. ती करू नका. लाटांचे तडाखे तिथेच बसतात आणि सँडविचमधला (कार्बनच्या दोन थरांमधला) गाभा आतून कातरला जातो, वरून कार्बन शाबूत दिसतो. २०१८ च्या रूट द्यु रुम या अटलांटिक पार करण्याच्या शर्यतीत बांक पॉप्युलेअर ९ या ट्रायमरानचा फ्लोट मोडून ती उलटली, मॅक्सी एडमंड दी रॉथशिल्डच्या एका फ्लोटची नाळ गेली. जिंकली ती २००६ ची, फॉइलवर (पाण्यातल्या पंखांवर) न उडणारी इडेक स्पोर्ट. नाण्याने टकटक करून बघा: टणत्कार आला तर ठीक, आवाज बद्द आला तर अल्ट्रासाऊंड केल्याशिवाय वेग धरू नका. बल्कहेडच्या (हलमधल्या आडव्या भिंतींच्या) कडा आणि हल जोडणाऱ्या बीमचे सांधे आधी तपासा.

सुटकेचं झाकण उलट्या बोटीतही पाण्याच्या वर राहील अशा ठिकाणी हवं, आणि लाइफराफ्ट उलट्या अवस्थेतही हाताला लागली पाहिजे. बोट बांधून झाली की या जागा पुन्हा हलवणं कठीण, तेव्हा हे ड्रॉइंगवरच बघा.